झाकणावरची रेघ

आबाजीच्या बारशाला शालनबाई मला म्हणाल्या होत्या, "पोर मामावर जातंय, बाई. आदी मामाला नीट बघून घे."

शालनबाई आमच्या घरमालकीण. भोसरीतलं जुनं शेतकरी घर त्यांचं. मागे परस, परसाच्या टोकाला गोठा आणि गोठ्याला लागून दोन खोल्या, त्या आम्हाला भाड्याने दिलेल्या. बारशाला आलेल्या कुणीतरी पाळण्यात डोकावून नाक मामाचंच आहे म्हटलं, त्यावर बाईंनी हे जोडलं. मी हसले आणि घुगऱ्या वाटायला उठले. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईने बारशाच्या बायकांकडून आनुवंशिकता शिकावी, असं मला काही वाटलं नाही. शिवाय मामात बघण्यासारखं होतं काय? ज्योतीराम माझ्या पाठचा. दांडगा, हसतमुख, खाण्यात खोड नाही, कामात आळस नाही.

माझा स्वभाव तसा काळजीचा. आबाजी फार वेळ झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघते. परसातल्या विहिरीचा कठडा बुटका आहे, ह्यांच्या सायकलला दिवा नाही, गोठ्यातल्या म्हशीचं दावं झिजलंय, हे सगळं मला बसल्या जागी दिसत असतं. ज्योतीची काळजी मात्र मला कधी करावी लागली नव्हती.

तो कऱ्हाडहून आमच्याकडे आला तो हवाईदलाच्या भरतीसाठी. पुण्याला जाऊन आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "नाही झालं, अक्का. उंचीत बसलो नाही." त्याच्याशी बोलताना ह्यांना मान वर करावी लागते. मला ते खटकलं, पण चुलीवर दूध उतू जात होतं आणि मी आत गेले.

पुढे पुण्यात लॉऱ्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात त्याने पत्रा ठोकायचं आणि रंग मारायचं काम शिकून घेतलं. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात शालनबाईंच्या गोठ्याची अर्धी बाजू मागून घेतली आणि तिथे स्वतःचं काम सुरू केलं. सायकली, दुधाच्या किटल्या, एकदा एका टांग्याची मडगार्डं. तो म्हणायचा, "नावाचं एक काम मिळालं पाहिजे, अक्का. असं, की लोकांनी थांबून विचारावं, हे कुणी केलं?"

ते काम शालनबाईंच्या मुलानेच आणलं.

दौलतराव तेव्हा तिशीला टेकलेले. शेती बघायचे, शिवाय पिंपरीकडे नवी बांधकामं निघाली होती त्यांना वाळू पुरवायचे. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक मोटरसायकल उचलली होती. लढाईत फिरलेली, खाकी रंगाची, आणि आवाज असा की ती परसात शिरली की म्हैस पान्हा चोरायची. एका सकाळी ती गोठ्यापुढे उभी करून ते म्हणाले, "मिस्त्री, हिचं इमान करायचं."

"ईमान?" ज्योती म्हणाला. "मोटरसायकलला कुठलं आलंय ईमान?"

"आरं इमान! उडतं ते!"

लढाईच्या सालात दिघीच्या माळावर एक विमान उतरलं होतं. इंजिन बंद पडलं म्हणून उतरवलं. दौलतराव तेव्हा तिथे गुरं राखत होते. वैमानिक गोरा, तहानेने व्याकूळ झालेला. दौलतरावांनी त्याला आपल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी दिलं, त्याने त्यांना उचलून आपल्या जागेवर बसवलं. लोहगावच्या विमानतळावरून लष्कराच्या लॉऱ्या येईपर्यंत ते बसून होते. "राव, तेवढ्यात मी लोहगावला जाऊन माघारी आलो, दोनदा," असं ते ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणत. लॉऱ्या विमान घेऊन गेल्या, पण पंखाचा एक फाटका पत्रा बाभळीत अडकून राहिला. तो त्यांच्या वडिलांनी घरी आणून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, आणि तो अजून तिथेच होता.

गाडी त्या विमानासारखी व्हायला हवी होती. टाकीवर उघडं ॲल्युमिनियम आणि त्यावर रिबिटांच्या रांगा. मडगार्डं आणि बाजूच्या पेट्या हिरव्या-तपकिरी, खुराड्यावरच्या पत्र्यासारख्या. टाकीच्या दोन्ही अंगाला दोन निळ्या रंगांची गोल चकती. आणि मुख्य म्हणजे गाडी नवी दिसता कामा नये. लढून आल्यासारखी दिसायला हवी. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर तिची पूजा करायची, असं दौलतरावांच्या मनात होतं. त्या दिवशी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या, पाण्याचे पंप बनवणाऱ्या नव्या कारखान्यातले उद्धवराव त्यांच्याकडे जेवायला येणार होते.

"त्यांच्या रंगखात्याला मानूस पायजे," दौलतराव ज्योतीला म्हणाले. "मी शिफारस करनार न्हाई. गाडीच बोलंल."

शालनबाई ओट्यावरून ऐकत होत्या. "चांगल्याचं जुनं करायला मिस्त्री लावलाय आमच्या लेकानं. खुराड्याचा पत्रा बी न्हेला. आता कोंबड्या काय इमानात ठिवू?"

ज्योतीने पत्रा सोड्याच्या पाण्याने धुतला. कोंबड्यांनी वर्षानुवर्षं चढवलेला लेप निघाला आणि खालून ते डाग वर आले. काळपट हिरवा आणि मातकट तपकिरी, एकमेकांत शिरलेले, कडा धुरकट. वरून बघणाऱ्याला खालची जमीनच वाटावी म्हणून हा सगळा उद्योग, हे मी ज्योतीला समजावून सांगितलं. त्याने पत्रा हातात घेऊन बराच वेळ इकडून तिकडून फिरवला.

"कुठून कुठवर काय, ते बोटाने दाखव ना, अक्का," तो म्हणाला.

मी दाखवत गेले. हा हिरवा, इथे संपला. हा तपकिरी. इथून परत हिरवा. माझ्या बोटामागून तो खडूची रेघ ओढत आला. मला वाटलं, किती नीटस काम करतो हा.

काम खरोखरच नीटस होतं. पेट्रोलच्या टाकीला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून त्याने टाकीच्या मापाचं ॲल्युमिनियमचं टोपडं केलं. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून त्याला गोलाई आणली, रिबिटं आधीच त्या पत्र्यात बसवून आतून सपाट केली आणि मग खाली जाड लोकरीच्या नमद्याचा तुकडा घालून ते टाकीवर चढवलं. बघणाऱ्याला वाटावं, टाकीच रिबिटांनी सांधली आहे. दोन रंगांच्या मधली धुरकट कड ब्रशने येईना, तेव्हा आमच्याकडचा ढेकणांचं औषध मारायचा पंप त्याने घेतला. रंगाची चकाकी मोडायला त्यात खडूची वस्त्रगाळ पूड घातली. जिथे पाय लागेल, हात लागेल, तिथे काथ्या आणि राख घेऊन रंग इतका घासला की खालचा पत्रा डोकवायला लागला. निळ्या चकत्या तर त्याने एका बैठकीत काढल्या. निळ्याशी त्याचं कधीच वाकडं नव्हतं.

हिरवा आणि तपकिरी मात्र त्याने तयार करून आणले. खुराड्याचा पत्रा सायकलला बांधून पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात गेला आणि दुकानदाराकडून दोन्ही रंग पत्र्याशी ताडून घेऊन आला. डबे सारखेच होते. घरी आल्या आल्या त्याने हिरव्याच्या झाकणावर खिळ्याने एक रेघ ओढली. तपकिरीचं झाकण कोरं ठेवलं.

"रेघ कशाला?" मी विचारलं.

"लॉरीच्या कारखान्यातली सवय."

पुढचं मडगार्ड आणि डाव्या बाजूची पुढची पेटी झाली त्या दुपारी तो जेवून अंग टाकायला गेला. मी बाहेर आले तर आबाजी गोठ्यात बसून दोन्ही झाकणांच्या झांजा वाजवत होता. हात, तोंड, पोट, सगळं रंगलेलं. मी ओरडले तसा तो घाईघाईने उठला आणि त्याने स्वतःच झाकणं डब्यांवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबून बसवली. शहाणा! झाकणांची अदलाबदल झाली आहे हे मला दिसलं. हिरव्या डब्याच्या काठाशी तपकिरी ओघळ आला होता. पण डबा उघडला की रंग दिसतोच, झाकणाला कोण विचारतं? मला घाई होती ती रॉकेलचा बोळा आबाजीच्या डोळ्यात जाऊ न देता त्याचं तोंड पुसायची.

दुसऱ्या दिवशी हे पाळीला गेल्यावर मी चहा घेऊन गोठ्यात गेले. ज्योतीने मागची पेटी आणि मागचं मडगार्ड संपवलं होतं. पंप हातात, तोंडाने शीळ.

"बघ, अक्का. पुढची पेटी कुठे संपते आणि मागची कुठे सुरू होते, सांग बरं!"

मला लांबूनच सांगता आलं असतं. पुढच्या पेटीवरून तपकिरी डाग वळणं घेत येत होता आणि सांध्याशी आला की एकदम हिरवा होत होता. हिरवा होता तो पलीकडे तपकिरी. आकार अचूक जुळलेले, रंग उलटे. फोटोच्या काचेवर काळ्याचं पांढरं झालेलं असतं, तसं.

ज्योती थट्टेखोर आहे. मला वाटलं, हा आता हसेल. मी त्याच्या हसण्याची वाट बघत उभी राहिले. तो माझ्या शाबासकीची वाट बघत उभा होता.

मी म्हटलं, "ज्योती, तो तपकिरीचा डबा दे बरं इकडे."

दोन्ही डबे त्याच्या पायाशी उघडे होते. एकात शिळ्या मेथीच्या भाजीसारखा रंग, दुसऱ्यात शेतातल्या ढेकळासारखा. त्याने डब्यांत बघितलंच नाही. जमिनीवर पडलेल्या झाकणांकडे बघितलं, कोऱ्या झाकणाशेजारचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला.

तो हिरव्याचा होता.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, मग झाकणांकडे, मग माझ्या पदराशी उभ्या असलेल्या आबाजीकडे.

"झाकणं कुणी हलवली?"

"तुला दिसत नाही, ज्योती?"

"दिसतं की. सगळं दिसतं." त्याने पंप खाली ठेवला. "ह्या दोघांत फरक दिसत नाही."

"आणि भरतीत? ती उंची?"

"उंचीचं काय, चांगली होती." तो पालथ्या पाटीवर बसला. "ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, अक्का. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. माझ्या पुढचा मुलगा धडाधड वाचत गेला. मला नुसते ठिपके. मग मी त्याचेच आकडे पाठ म्हणून दाखवले."

"मग?"

"डॉक्टरने मधलं एक पान गाळलं होतं."

मला हसू आलं आणि त्यालाही आलं. मग तो म्हणाला, "तुला आठवतं, बापूंनी मला पिकल्या मिरच्या तोडायला पाठवलं होतं? आणि अर्धी पाटी हिरवी निघाली म्हणून बडवलं होतं? मी आळस नव्हता केला. सुरकुतलेली तेवढी तोडत होतो. त्या वर्षी हिरव्यापण सुरकुतल्या होत्या."

"घरात सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही लाल म्हणता ते काय, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला काय दिसतं ते मला कसं कळावं?" त्याने हाताशी पडलेलं झाकण उलटंपालटं केलं. "आपल्या मामाला रेल्वेने का परत पाठवलं होतं?"

"डोळ्यांमुळे. आई सांगायची ना."

"मामा अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो, अक्का."

"मामावर गेलास तू," मी म्हटलं.

आणि माझंच वाक्य माझ्या कानावर पडल्यावर मी वळून आबाजीकडे बघितलं.

कॉलेजात ह्यावर एक आकृती होती. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळं. ज्यांना रंग कळत नाहीत ते चौकोन काळे. आईचं वर्तुळ मात्र अर्धंच काळं, कारण तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, ती नुसतं पुढे देते, आणि ते उघडं पडतं मुलग्यांत. मामाचा काळा चौकोन, मग बहिणीचं अर्धं वर्तुळ, मग भाच्याचा काळा चौकोन. परीक्षेत मी ती पट्टी लावून काढली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. आमच्या आईचं वर्तुळ अर्धं काळं होतं, हे आता ठरलंच. माझं तसं असेल किंवा नसेल. असेल, तर आबाजीचा चौकोन काळा असेल किंवा नसेल. शास्त्र इतकंच सांगतं. शालनबाईंनी तेच चार शब्दांत सांगितलं होतं.

त्या दुपारी मी पेटीतून जुन्या काचेच्या बांगड्या काढल्या, लाल आणि हिरव्या, एकाच मापाच्या, आणि आबाजीपुढे ठेवल्या. "लाल दे." त्याने लाल दिली. "आता हिरवी." त्याने लाल दिली. "हिरवी रे." त्याने दोन्ही दिल्या आणि टाळ्या पिटल्या. अडीच वर्षांचं मूल. रंग कळत नाहीत की शब्द कळत नाही, हे त्यावरून कुणीही सांगू शकलं नसतं.

ज्योतीने मागचा सगळा रंग खरवडून काढला आणि नव्याने मारला. ह्या वेळी मी आबाजीला मांडीवर घेऊन पुढ्यात बसले होते. तो हात उचलायचा, मी "हिरवा" म्हणायचे. हात सरकवायचा, मी "तपकिरी" म्हणायचे. झाकणं मी माझ्या पाटाखाली ठेवली होती. शालनबाई धारेला आल्या आणि जरा उभ्या राहिल्या.

"दोघं भैन-भाऊ काय मंत्र म्हनताय जनू."

"रंग सांगतेय त्याला," मी म्हटलं.

"व्हय?" त्या म्हणाल्या. म्हशीचं दावं तेवढं तपासून घेतलं.

जेवताना हे सगळं ह्यांच्या कानावर घातलं. हे पिंपरीला औषधांच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे ह्यांना चिठ्ठी, शिक्का, खूण ह्या गोष्टी फार मोठ्या वाटतात. "उद्धवरावांना आधी सांगून टाक," हे ज्योतीला म्हणाले. "पत्र्याच्या कामाला घेतील."

"पत्र्याला त्यांच्याकडे जागा नाही, दाजी. जागा रंगाला आहे."

"आमच्याकडे बाटलीवरची चिठ्ठी बदलली तर माणूस दगावतो."

"तुमच्याकडे. पंपाचा रंग बदलला म्हणून पाणी यायचं थांबत नाही."

"आणि चुकलास म्हणजे?"

"माझी चूक झाली नव्हती, दाजी. झाकणं बदलली होती."

ह्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढली. मला दोघांचंही पटत होतं आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता. ज्योतीला मी एवढंच विचारलं, "तिथे हिरवा-तपकिरी म्हणायला कोण बसेल?"

"तिथेही झाकणं असतीलच की, अक्का."

खंडेनवमीला दौलतरावांच्या सोप्यात विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि आजोबांची गंजकी तलवार मांडली होती. शेजारी अंगणात ती गाडी. झेंडूच्या माळेखाली टाकीचं ॲल्युमिनियम घासून मंद झालेलं, रिबिटांच्या रांगा सरळ, आणि त्या दोन निळ्या चकत्या. मडगार्डावरचे डाग एकातून दुसऱ्यात सरकत मागच्या पेटीवर जात होते आणि सांधा शोधून सापडत नव्हता. शालनबाईंनी हळदकुंकू वाहिलं, ते पुसलं जाऊ नये अशा जागी, आणि म्हणाल्या, "खुराड्याचं भाग्य उजळलं."

दौलतराव गाडीवर बसले. हातांनी काहीतरी चाचपडत होते, जे मोटरसायकलला नसतं. मग म्हणाले, "मिस्त्री, आसंच हुतं रं. हितं बसलं की आसंच दिसायचं."

उद्धवराव जाड भिंगांचा चष्मा लावणारे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून सांधा बघितला, नखाने रंग खरवडून बघितला.

"ही कड ब्रशची नाही."

"पंप, साहेब. ढेकणांचा."

"वा! आणि रंग कुठला घेतलात? तपकिरी दाखवा बघू. अगदी मातीचा उतरलाय."

डबे गोठ्याच्या दाराशी ठेवलेले होते, झाकणं लावलेली. ज्योती गेला, नुसती नजर टाकली आणि कोऱ्या झाकणाचा डबा घेऊन आला. त्याने तो उघडला. आत तपकिरीच होता. असणारच. सकाळी आंघोळीच्या आधी मी दोन्ही झाकणं उघडून बघितली होती.

"परवा सोमवारी या," उद्धवराव म्हणाले. "आमच्याकडे रंगाची कार्डं असतात. कार्डाप्रमाणे डबा काढायचा, मारायचा. तुमच्यासारख्याला ते काय अवघड?" मग माझ्याकडे वळून सौजन्याने म्हणाले, "तुमच्या भावाचा हात फार चांगला आहे, बाई."

ज्योती गाडीच्या पलीकडे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो टाकीवरची झेंडूची माळ सरळ करत होता, ती सरळच होती.

"हात चांगलाच आहे," मी म्हटलं.

उद्धवराव समाधानाने पानावर जाऊन बसले. दौलतरावांनी गाडी सुरू केली, म्हशीने दावं ओढलं, आणि ते "लोहगावला जाऊन आलोच" म्हणून वेशीकडे गेले. शालनबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. धूळ खाली बसल्यावर हळूच म्हणाल्या, "हात, म्हनालीस."

"हो."

"अन् पोर? गेलं का मामावर?"

"अजून कळत नाही, बाई."

"कळंल," त्या म्हणाल्या आणि वाढायला आत गेल्या.

ज्योती सोमवारपासून रंगखात्यात लागला. पुढे चिंचवडला दोघा-तिघांत मिळून खोली घेतली. रविवारी येतो. येताना आबाजीला काहीतरी आणतो, बहुतेक निळं. काम बरं चाललंय म्हणतो. कार्डाच्या मागे नंबर छापलेला असतो आणि डब्यावरही असतो, त्यामुळे भरलेल्या डब्यांची अडचण नाही. अडचण आहे ती अर्ध्या डब्यांची. रंग ओघळून नंबर बुजतो, आणि पाळी संपताना पोरं सगळी झाकणं एकाच पिंपात टाकून धुतात. धुतलेली झाकणं दुसऱ्या पाळीचा माणूस हाताला येईल तशी लावतो.

"मग तू काय करतोस?"

"मी नवा डबा उघडतानाच नंबर बघून हिरव्याच्या झाकणावर रेघ ओढतो, आणि पाळीच्या आधी, झाकणं धुवायच्या आत जाऊन डबे ओळखून ठेवतो. नाहीतर शेजारच्याला हसत विचारतो, का राव, ह्या रंगाला तुमच्या जिल्ह्यात काय म्हणतात? एकेका रंगाला इतकी नावं आहेत, अक्का! जांभळट, विटकरी, शेवाळी. लोकांना आवडतं सांगायला."

"आणि शेजारी कुणी नसला तर?"

त्यावर तो आबाजीला खांद्यावर घेतो आणि विमान करून अंगणभर फिरवतो. गेल्या महिन्यात त्याच्या हातून पंपांची एक रांग चुकली. भांड्यातला रंग नासला होता म्हणून सांगून वेळ मारून नेली. हे त्याने मला सांगितलं नाही. दौलतरावांकडून कळलं, आणि त्यांना उद्धवरावांनी हसत हसत सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी ते हसतील असं मला वाटत नाही.

आबाजी आता तीन वर्षांचा झाला. बांगड्यांचा खेळ त्याला आवडतो. कधी बरोबर देतो, कधी माझ्या तोंडाकडे बघून देतो. म्हणून हल्ली मी खेळताना पदर तोंडावर घेते. मामा आला की दोघं अंगणात बसून त्याच बांगड्यांचे ढीग करतात. मी चुलीपाशी बसून बघत असते. दोघांचे ढीग वेगळे पडले की मला जरा बरं वाटतं, आणि मग लगेच वाटतं, बरं वाटून घ्यायला मी कुणाची चूक शोधते आहे?

नावं मी बदलली आहेत, आणि तो कारखाना मुंबई-पुणे रस्त्यावर आहे ह्याहून अधिक मी सांगणार नाही. पण तुम्ही, किंवा तुमच्या घरचं कुणी, त्या बाजूला एखाद्या रंगखात्यात कामाला असाल, आणि पाळीच्या आधी येणारा, डब्यात बघायच्या आधी झाकणाकडे बघणारा एक उंच माणूस तिथे दिसला, तर त्याला काही विचारू नका. रेघेचं झाकण हिरव्यावर आणि कोरं तपकिरीवर आहे ना, तेवढं जाता येता बघत जा.